जोड कुणी लावली?

शार्लट फ्लेअरला शिव्या घालायला माणसं पहाटे साडेचारला उठतात, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडायचा असतो. २०२५च्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. धनकवडीत थंडी अजून रेंगाळत होती. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी एकाच रजईत पाय घालून टीव्हीसमोर बसलेल्या. चहाचं खातं माझ्याकडे. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीच्या ‘रॉयल रंबल’मधली बायकांची झुंज सुरू होती. तीस जणी एकामागून एक रिंगणात येतात. वरच्या दोरावरून बाहेर पडून दोन्ही पाय जमिनीला लागले की ती बाद, शेवटी उरेल ती विजेती. गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षाहून जास्त काळ घरी बसलेली शार्लट आली तेव्हा तिघी आनंदानं किंचाळल्या. ती जिंकली तेव्हाही किंचाळल्या, पण ‘शीऽऽ’ करून. इंडियानापोलिसच्या स्टेडियममधली नापसंती आणि आमच्या हॉलमधली नापसंती एकाच पट्टीत लागली होती.

“अगं, आत्ता तर ती आली म्हणून नाचत होतीस!”

“यायला काहीच हरकत नव्हती गं आत्या. जिंकायचं कशाला?”

आता यातली गंमत बघा. या खेळात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे माझ्या भाचीला चौथीत असल्यापासून माहीत आहे. म्हणजे शार्लट जिंकली नाही, तिला जिंकवलं. ‘कशाला’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो स्टॅमफर्डमधल्या कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारायला हवा. पण कचेरीला ‘शीऽऽ’ करता येत नाही. ती पडद्यावर दिसतच नाही. दिसते ती चमचमता झगा घातलेली, हात पसरून उभी असलेली बाई.

गेली दहाएक वर्षं मी हा खेळ बघते आहे, तेही खेळापेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त लक्ष देऊन. माझं मत असं झालं आहे की पुरुष मल्लांबद्दलची लोकांची मतं त्यांच्या कामावरून बदलतात आणि बायकांबद्दलची बरीचशी समोर कोण उभी होती त्यावरून. हे ठाम विधान आहे, आणि भाचीला ते अजिबात मान्य नाही. तिचा मुद्दा पुढे येईलच.

शार्लट ही रिक फ्लेअरची मुलगी. तो सोळा वेळचा जगज्जेता, सोनेरी केसांचा, झगमगीत झग्यांचा आणि ‘वूऽऽ’ अशा आरोळीचा. मुलगी तरुणपणी व्हॉलीबॉल खेळायची. कुस्तीचं वेड खरं तर तिच्या धाकट्या भावाचं, रीडचं. २०१३च्या मार्चमध्ये तो गेला, पंचविसाव्या वर्षी. २०१४च्या मे महिन्यात तिनं कंपनीच्या होतकरूंच्या मंचावर, ‘एनएक्सटी’त, नटाल्याला हरवून विजेतेपदाचा पहिला पट्टा मिळवला तेव्हा तिच्या बाजूला वडील उभे होते आणि नटाल्याच्या बाजूला तिचे मामा, ब्रेट हार्ट. दोन घराण्यांचा सामना. तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. भावाच्या जागी बहीण उतरली, बापाची आरोळी लेकीनं दिली, याचं कौतुक झालं. पुढे चार-पाच वर्षांत तीच गोष्ट आरोपपत्रातलं पहिलं कलम झाली. बापाचं नाव आहे म्हणून पट्टे मिळतात.

हे कलम आमच्या बाबांना कधीच समजलं नाही. बाबांनी तरुणपणी पेठेतल्या तालमीत जोर-बैठका काढलेल्या आहेत. कुस्त्या फारशा केल्या नाहीत, पण तालमीच्या कट्ट्यावर बसून मतं भरपूर व्यक्त केली. डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे त्यांच्या लेखी तमाशा, लुटुपुटूची कुस्ती. तरी ते बघतात, पेपर तोंडासमोर धरून त्याच्या वरून. “घराणं असणं हा गुन्हा कधीपासून झाला?” हा त्यांचा सवाल. कुस्तीच्या मैदानात निवेदक नाव पुकारताना आधी सांगतो, अमक्या पैलवानांचा नातू, तमक्या वस्तादांचा पठ्ठा. ते ऐकूनच मैदान सावरून बसतं. तिथे आजोबांचं नाव ही ओझ्यासारखी जबाबदारी मानली जाते, वशिला नव्हे. मी त्यांना म्हणाले, बाबा, तिथे नातवाला चितपट केलं की आजोबांचं नाव काही कामाचं नसतं. इथे नावाप्रमाणे निकाल लावता येतो, म्हणून लोकांना संशय. त्यावर त्यांनी पेपर वर घेतला. म्हणजे मुद्दा पटला, पण सांगायचं नाही.

२०१७च्या नोव्हेंबरमधला एक कार्यक्रम मात्र त्यांनी पेपर खाली ठेवून पाहिला. शार्लटनं आपल्याच गावी, शार्लट शहरात, नटाल्याकडून पट्टा घेतला. त्या उन्हाळ्यात रिक फ्लेअर मरणाच्या दारातून परत आला होता. सामना संपल्यावर ती रॅम्पवरून परत निघाली आणि समोर बाप. दोघं रडली. ठरवून केलेलं होतं का? असणारच, त्या मंचावर पानही ठरवल्याशिवाय हलत नाही. पण रडणं काही लिहून दिलेलं वाटत नव्हतं. बाबांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही. “बाप आजारी होता वाटतं,” एवढंच म्हणाले. त्या रात्री त्या सभागृहात शार्लटच्या विरोधात एक माणूस नव्हता.

आणि पाच महिन्यांनी, ८ एप्रिल २०१८ला, तीच बाई खलनायिका झाली.

न्यू ऑर्लिन्सची रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. समोर जपानची असुका. अडीच वर्षं ती कंपनीत एकदाही चीत झाली नव्हती. प्रेक्षकांनी त्या अजिंक्यपणात जीव गुंतवला होता. ती हरेल तेव्हा कुणाकडून, यावर वाद चालायचे. हरली ती शार्लटकडून. सामना अप्रतिम झाला, हे कट्टर विरोधकही नाकारत नाहीत. तरी निकालानंतर राग असुकाला हरवायचं ठरवणाऱ्यांवर निघाला त्याच्या दसपट शार्लटवर निघाला. पुढच्या वर्षी, २०१९च्या मार्चमध्ये, रेसलमेनियाला दोनच आठवडे उरलेले असताना पुन्हा असुकाकडूनच पट्टा काढून शार्लटला दिला. का, तर मुख्य सामन्यात आणखी एक पट्टा दिसावा. असुकाच्या वाट्याचा पट्टा गेला आणि शार्लटच्या नावावर आणखी एक पाप चढलं.

भाचीचा मुद्दा इथे येतो. “रोमन रेन्सला काय कमी ‘बू’ केलं? २०१५ला रंबल जिंकला तेव्हा फिलाडेल्फियात त्याला उभं राहू दिलं नव्हतं. जॉन सीनाला तर वर्षानुवर्षं. त्यात बाई-पुरुष काही नसतं आत्या, ज्याला जबरदस्तीनं पुढे करतात त्याला लोक हाणतात.”

बरोबर आहे. पण पुरुषांच्या त्या रात्री सामने किती होते? एक रोमन पुढे गेला तर बाकीच्या दहा जणांना दुसरे पट्टे, दुसरी भांडणं, दुसरी दहा मिनिटं होती. बायकांना? २०१५च्या फेब्रुवारीत ‘रॉ’ या दर आठवड्याच्या कार्यक्रमाच्या तीन तासांत बायकांचा जो सामना झाला तो अर्ध्या मिनिटात आटोपला. त्यावर गदारोळ झाला, मुलींना संधी द्या अशी हाक उठली. त्यानंतरच्या रेसलमेनियात बायकांचा सामना होता एक. पट्ट्याचा आकार फुलपाखराचा. तो पट्टा आणि बायकांना लावलेलं ‘डिव्हा’ हे बिरुद २०१६च्या एप्रिलमध्ये गेलं. नवा पट्टा आला आणि तो पहिल्यांदा मिळाला, कुणाला सांगायला नकोच, शार्लटला.

पुण्यात पीएमपीनं फिरणाऱ्या बाईला हे चटकन उमगेल. डावीकडच्या सीटा बायकांच्या, बस मात्र तासानं एक. खचाखच गर्दीत एक जागा रिकामी होते, जिच्या हाताशी असते ती बसते, आणि उभ्या राहिलेल्या सगळ्याजणी तिच्याकडे अशा बघतात की बसगाड्यांची संख्या जणू तिनंच ठरवली. डेपो मॅनेजरकडे कुणी बघत नाही, तो बसमध्ये नसतो. शार्लट त्या सीटवर चौदा वेळा बसली. चौदा पट्टे. प्रत्येक वेळी कुणीतरी उभी राहिली, आणि उभी राहिलेल्या प्रत्येकीचे चाहते हिच्या नावानं बोटं मोडू लागले.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे बेकी लिंच. आयर्लंडची पोरगी, लहान वयात कुस्तीत उतरली, डोक्याच्या दुखापतीनं काही वर्षं बाहेर गेली, मध्ये विमानात हवाईसुंदरीचं काम केलं, मग परत आली. एनएक्सटीत पहिल्यांदा आली तेव्हा तिला आयरिश नाच करत यायला लावलं होतं. ते बघून आजही मला कसंनुसं होतं. २०१८च्या उन्हाळ्यात ती एकेक सामना जिंकत पट्ट्यापर्यंत पोचली आणि ऐनवेळी सामन्यात शार्लटला घातलं. १९ ऑगस्ट, ब्रुकलिन. शार्लट जिंकली. बेकीनं आधी मैत्रिणीला मिठी मारली आणि मग तिला बदडलं. कंपनीचा हिशोब असा की आता लोक बेकीला खलनायिका म्हणतील. लोकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. पुढच्या कार्यक्रमात बेकीला लोकांनाच बोल लावायला सांगितलं, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत वगैरे. लोकांनी तेही टाळ्या वाजवून घेतलं. लिहून आणलेली गोष्ट प्रेक्षकांनी अशी सरळ मोडून टाकलेली मी फार वेळा पाहिलेली नाही.

नोव्हेंबरमध्ये नाया जॅक्सच्या एका ठोशानं तिचं नाक फुटलं, मेंदूला मार बसला. प्रेक्षकांच्या गर्दीत, रक्तानं माखलेला चेहरा, दोन्ही हात पसरून उभी असलेली बेकी. तो फोटो भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर दहावी होईपर्यंत होता. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं त्यानंतर सहा दिवसांनी घडलं. बेकीला खेळता येईना, म्हणून मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या राँडा राऊझीच्या समोर तिनं आपल्या जागी शार्लटला पाठवलं. शार्लटनं राँडाला छडीनं, खुर्चीनं फोडून काढलं. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी चक्क शार्लटच्या नावानं आभाराच्या घोषणा दिल्या! तीन महिन्यांपूर्वी जिच्यावर थुंकत होते तिचे आभार. का, तर समोर राँडा होती, बाहेरून येऊन थेट पहिल्या बाकावर बसवलेली. त्या राँडाचंही त्याच वर्षी रेसलमेनियात तोंड भरून कौतुक झालं होतं.

शार्लटमध्ये त्या तीन महिन्यांत काय बदललं होतं? काही नाही. तोच झगा, तीच आरोळी, तेच डाव.

२०१९च्या एप्रिलमध्ये या तिघींनी रेसलमेनियाचा शेवटचा, मुख्य सामना खेळला. बायकांसाठी ते पहिल्यांदाच होत होतं. बेकी जिंकली. बेकीची गोष्ट तिथेच थांबली असती तर तिला देवीसारखं मखरात बसवून ठेवलं असतं. पण ती आई झाली, सव्वा वर्ष बाहेर राहिली आणि २१ ऑगस्ट २०२१ला परत आली ती बियांका बेलेअरला २६ सेकंदांत हरवून. बियांका तेव्हा सगळ्यांची लाडकी. आमच्या घरातही खाडकन शांतता झाली. भाची म्हणाली, “हिनं नको म्हणायला हवं होतं.” बेकीला! जिचा फोटो टेबलावर होता तिला.

आता याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवा. २०२२चा ३० डिसेंबर. शार्लट बऱ्याच महिन्यांनी परत येते, राँडाला मिनिटाच्या आत हरवते, पट्टा घेते. अगदी तोच प्रकार, आयत्या वेळी येऊन झटक्यात पट्टा. लोक खूश. कारण हरली ती राँडा. मला वाटतं, मी मघाशी केलेल्या ठाम विधानाला एवढा पुरावा पुरे.

माझ्या लहानपणी हा प्रकार आणखी ओबडधोबड होता. शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे, पत्ते खेळायचो, उंची, वजन, छाती असले आकडे लावून. मग टीव्हीवर चायना नावाची मल्ल आली. खांदे असे की आमच्या वर्गातल्या मुलांना तिच्याकडे बघून काय बोलावं ते सुचेना. म्हणून मुलं हसली. बाई आहे की बाप्या, हा त्या वर्षीचा लाडका विनोद. तिनं १९९९च्या रॉयल रंबलमध्ये पुरुषांत पाऊल टाकलं, कोणत्याही बाईनं पहिल्यांदा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेफ जॅरेटला हरवून इंटरकाँटिनेंटल पट्टा घेतला, जो तोवर फक्त पुरुषांचा होता. २००१मध्ये ती कंपनीतून गेली आणि नंतरची कितीतरी वर्षं तिचं नाव निघालं की माणसं फक्त तिच्या खासगी आयुष्याबद्दल बोलायची. २०१६च्या एप्रिलमध्ये ती गेली. आणि एकाएकी सगळ्यांना आठवलं की ती केवढी मोठी होती. २०१९मध्ये तिचं नाव कंपनीच्या मानाच्या यादीत आलं ते टोळीतली एक म्हणून, चार-पाच पुरुषांच्या बरोबर. मेलेल्या बाईबद्दल मत बदलायला फार काही लागत नाही. ती पुन्हा जिंकणार नसते.

यावर कुणी म्हणेल, हे अमेरिकेतलं नाटक, आपल्याला काय त्याचं. तर आपल्याकडची गोष्ट सांगते, त्यात पुणंही आहे.

४ मे २०२४ला गुगलच्या पानावर हमीदा बानू या जुन्या काळच्या महिला पैलवानाचं चित्र आलं. बाबांनी ते नाव ऐकलेलं होतं, “वस्ताद लोक बोलायचे, अलीगढवाली,” एवढंच. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. १९५४मध्ये तिनं जाहीर आव्हान दिलं होतं की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करेन. त्या वर्षीच्या मे महिन्यात बडोद्यात बाबा पैलवान नावाच्या मल्लाला तिनं १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखवलं. त्या आधी जो मल्ल तिच्याशी खेळणार होता त्यानं बाईशी कुस्ती नको म्हणून अंग काढून घेतलं होतं.

कोल्हापुरात मात्र वेगळं घडलं. तिनं शोभासिंग पंजाबी नावाच्या पुरुष पैलवानाला हरवलं आणि मैदान खवळलं. शिट्ट्या, आरडाओरडा, दगड. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. लोकांचं म्हणणं, कुस्ती ठरवलेली होती. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी, तिथल्या माणसाला खरी-खोटी कुस्ती ओळखता येत नाही असं मी म्हणणार नाही. बाबा ऐकतील तर घराबाहेर काढतील. पुण्यात तर तिची रामचंद्र साळुंखे यांच्याशी लावलेली कुस्ती होऊच शकली नाही, इथल्या कुस्ती संघटनेनं हरकत घेतली. ती गप्प बसली नाही. थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की ती बाई आहे म्हणून बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून बंदी.

घटकाभर ते उत्तर खरं धरू या. नकली मल्ल उभे कोण करत होतं? आयोजक. तिकिटाचे पैसे कुणाकडे? आयोजकांकडे. मैदान कुणाला बंद? हमीदा बानूला. आणि कोल्हापुरात दगड तिकीट-खिडकीच्या दिशेनं गेले नव्हते.

बाबांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तरी पण पुरुषाबरोबर लावायला नको होती.” त्यांचं असं आहे. सत्तर वर्षांचं मत एका दुपारी हलत नाही, आणि हलावं म्हणून मी वाचून दाखवलंही नव्हतं.

हमीदा बानू पुढे कल्याणला राहिली. दूध विकलं, रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले, १९८६मध्ये गेली. २०२३च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा प्रतीक्षा बागडीसमोर अंतिम लढतीत उभी होती वैष्णवी पाटील, कल्याणची. ती कुस्ती बाबांनी मोबाईलवर पूर्ण पाहिली, पेपर नव्हताच हातात. पोरींचा पट काढण्याचा वेग बघून “वाहवा” असं दोनदा म्हणाले.

खरी कुस्ती आणि खोटी कुस्ती यांच्यात लोक जी जाड रेघ ओढतात ती बाईच्या बाबतीत किती पुसट होते याचा नमुना हरियाणात आहे. कविता दलाल जालंधरला खलीच्या आखाड्यात शिकली, सलवार-कमीज घालून लढली, डब्ल्यूडब्ल्यूईत लढणारी पहिली भारतीय बाई ठरली. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ आठवडाभर फिरत होता, निम्मे अभिमानानं आणि निम्मे हसायला म्हणून पाठवत होते. २०२४मध्ये ती विधानसभेला उभी राहिली, जुलाना मतदारसंघातून. त्याच मतदारसंघात समोर विनेश फोगाट. विनेश दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसला अंतिम फेरीत पोचून १०० ग्रॅमसाठी बाद झालेली. ती निवडून आली. ज्या ग्रुपवर ऑगस्टमध्ये तिच्यासाठी डोळ्यांत पाणी होतं तिथेच ऑक्टोबरात “राजकारणच करायचं होतं तर” सुरू झालं होतं. विनेशच्या कुस्तीत तर काही ठरलेलं नव्हतं. हरलेली होती तोवर ती आपली होती.

भाचीच्या त्या दोन मैत्रिणींतली एक खरी कुस्ती खेळते. कात्रजच्या बाजूला मॅटवर सराव, दोन्ही कान सुजून बंद होत आलेले, जेवायला बसली की माझ्या पोळ्या कमी पडतात. भाचीच्या आग्रहाखातर ती हे सगळं बघते, मतं मात्र देत नाही. एकदा तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि २०२३च्या रेसलमेनियातला शार्लट आणि रिया रिपलीचा सामना एका जागी थांबवला. रिया मागून कंबर धरते, पकड बांधते, स्वतः पाठीवर जात शार्लटला डोक्यावरून मागे फेकते. जर्मन सुप्लेक्स. फेकली गेलेली बाई खांद्यांवर, पाठीवर पडायला हवी. शार्लट हवेत जास्त फिरली आणि तोंडावर आपटली.

“आत्या, मान बघा,” ती म्हणाली. बोटानं चित्र पुढे-मागे केलं, पुन्हा पुन्हा. “इथे तिला कळलंय की चुकतंय. हात आधी खाली गेलेत. बघा, छातीवर भार घेतलाय. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर मान गेली असती.” मग आणखी मागे नेलं, रियाची पकड दाखवली, मनगटावर मनगट. “हिनं सोडलं नाही शेवटपर्यंत. सोडलं असतं तर ती आणखी वाकडी पडली असती.”

“आणि हे खोटं म्हणतात,” मी म्हणाले.

“निकाल खोटा असेल. पडणं कसं खोटं असेल?”

त्या सामन्यात रिया जिंकली आणि शार्लटला त्या रात्री सगळ्यांनी मानलं. भाचीनंसुद्धा. हरताना ती फार छान दिसते, असं ती अगदी मनापासून म्हणाली.

मग त्या पोरीनं स्वतःची गोष्ट सांगितली, विचारल्याशिवाय. तिच्या आजोळच्या यात्रेत मुलींच्या कुस्त्या लावतात. पहिल्या वर्षी तिच्याहून दांडग्या मुलीला तिनं ढाक लावून पाडलं. हलगी वाजली, लोकांनी खांद्यावर घेतलं, कुणी शंभराची, कुणी पन्नासाची नोट हातात कोंबली. दुसऱ्या वर्षी कमिटीनं जोड लावली ती तिच्याहून बारीक, नवशिक्या मुलीशी. ऐनवेळी दुसरी मुलगी आलीच नव्हती म्हणे. हिनं लगेच चीत केलं. मैदान गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, लहान पोरीवर काय ताकद दाखवते, आणि लोक हसले. गेल्या वर्षी खांद्यावर घेणाऱ्यांपैकीही काही जण त्यात होते, तिनं चेहरे ओळखले.

“जोड काय मी लावली होती का?” ती म्हणाली आणि पोळी मोडून आमटीत बुडवली.

२०२५च्या एप्रिलमध्ये शार्लट टिफनी स्ट्रॅटनकडून रेसलमेनियात हरली. त्या आधीच्या तोंडातोंडीत तिची मोडलेली लग्नं बाहेर काढली गेली. पुरुष मल्लांची लग्नं अशी धावफलकासारखी मोजलेली मला आठवत नाहीत. पण त्या हरण्यानंतर हळूहळू वारं फिरलं. अलेक्सा ब्लिसबरोबर तिची जोडी जमवली. ‘आम्ही मैत्रिणी नाही’ असं म्हणत कायम एकत्र असणाऱ्या दोघी. शार्लटच्या चेहऱ्यावरचा तो अवघडलेपणा लोकांना भलताच आवडला. ऑगस्टमध्ये समरस्लॅमला या जोडीनं पट्टे जिंकले तेव्हा भाची सोफ्यावर उभी राहून नाचली.

“आता चालते का तुला जिंकलेली?”

“हो, कारण हे जोडीचे पट्टे आहेत. आणि आता कशी माणसात आली आहे ती.”

त्याच पहाटे टिफनीनंही आपला पट्टा राखला होता. एप्रिलमध्ये हिच्यासाठी भाची घसा बसेपर्यंत ओरडली होती, म्हणून मी तिचंही अभिनंदन केलं.

“टिफनी होय,” रिमोट शोधत ती म्हणाली, “तिचं आता जरा अतीच चाललंय.”